‘फरक’ म्हणजे काय, हे एजंटला कोण सांगणार?

आदरणीय ताई,

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत सहा वर्षं काम करते. गावोगावच्या दूध संस्थांसाठी आमचं सॉफ्टवेअर आहे. संकलन, दरपत्रक, कपाती, दर दहा दिवसांचं बिल, सगळं त्यात. यंदा आम्ही त्याला एआय एजंट जोडला. सचिवांनी मोबाइलवर मराठीत सांगायचं आणि एजंटनं आमची साधनं, म्हणजे नोंद घालणं, शोधणं, बदलणं अशी एकेक कामं करणारे सॉफ्टवेअरचे भाग, वापरून काम करायचं. एकूण 38 साधनं आहेत. त्यांची वर्णनं मीच लिहिली, प्रत्येकाला एक ओळ.

गेल्या महिन्यात एका सचिवांनी सांगितलं, ‘112 नंबरचं कालचं संध्याकाळचं दूध साडेसहा नाही, साडेपाच लिटर आहे, नीट कर.’ एजंटनं ‘सेव्ह_संकलन’ वापरलं. ते नवीन नोंद घालतं. नेट मंद होतं, उत्तर आलं नाही, म्हणून त्यानं तेच पुन्हा पाठवलं. 112 च्या खात्यावर साडेसहा, साडेपाच आणि पुन्हा साडेपाच अशा तीन नोंदी पडल्या. बिलाच्या आदल्या रात्री सचिवांनी टँकरला गेलेलं दूध आणि संकलन ताडून पाहिलं, म्हणून सापडलं.

साहेब म्हणाले, वर्णनं नीट लिही. एक सहकारी म्हणतो, कशाला, एजंटमागचं पुढचं एआय मॉडेल आपोआप समजून घेईल. दुसरा म्हणतो, कोड एआयलाच दे, तेच वर्णन लिहील. मला वाटतं, चूक माझी आहे. पण नक्की काय लिहू, किती लिहू, मराठीत की इंग्रजीत? मी तुमच्यापेक्षा खूप लहान आहे, मला ‘तू’च म्हणा.

– एक वाचक, कोल्हापूर जिल्हा
(लांब पत्रातला काही भागच इथे छापला आहे.)

प्रिय मुली,

तुझं पत्र वाचून मला आधी 112 नंबरचंच घर डोळ्यांपुढे आलं. साडेपाच लिटर दूध घातलेल्या माणसाच्या नावावर साडेसतरा लिटर लागलं. वरच्या बारा लिटरचे पैसे संस्थेतून, म्हणजे बाकीच्या सभासदांच्या वाट्यातून गेले असते. आणि हीच चूक उलट्या बाजूनं झाली असती, तर दोन म्हशींवर घर चालवणाऱ्या एखाद्या बाईचं दहा दिवसांचं बिल कमी निघालं असतं, आणि का कमी निघालं ते तिला कोणी सांगू शकलं नसतं. तू हे मनाला लावून घेतलंस, ते बरोबरच केलंस.

आता एजंटला काय दिसतं ते पाहू. त्याला तुझा कोड दिसत नाही. सचिवांच्या समोर असलेला स्क्रीनही दिसत नाही. त्याच्या हाती प्रत्येक साधनामागे तीन गोष्टी येतात: साधनाचं नाव, त्याचं वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या स्वरूपात द्यायची याचा आराखडा. नोव्हेंबर 2024 मध्ये अँथ्रॉपिक या एआय कंपनीनं मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल, म्हणजे मॉडेलला बाहेरची साधनं जोडायची एक सामायिक पद्धत, खुला केला, त्यातही साधनाची ओळख मुळात याच तिन्हींवर उभी आहे, आणि तो आराखडा जेसन स्कीमात, म्हणजे माहितीची रचना सांगायच्या एका ठरलेल्या लेखनपद्धतीत, लिहितात. तुम्ही हा प्रोटोकॉल वापरा किंवा दुसरं काही, मॉडेल निवड करतं ती या मजकुरावरून. तू पत्रासोबत पाठवलेली ओळ अशी आहे: ‘सेव्ह_संकलन: दूध संकलनाची नोंद सेव्ह करते.’ सचिव म्हणाले ‘नीट कर’. नीट केलेली नोंद सेव्हच करायची असते ना? त्या एका ओळीवरून मीही हेच साधन उचललं असतं. तुला माहीत होतं की दुरुस्तीसाठी ‘अपडेट_एंट्री’ आहे. सचिवांना स्क्रीनवर दोन वेगळी बटणं दिसतात, म्हणून त्यांनाही माहीत होतं. एजंटला मात्र ते कोणीच सांगितलेलं नव्हतं.

मी पंचवीस वर्षं सॉफ्टवेअरची माहितीपुस्तकं लिहिली. सुरुवातीला एका साखर कारखान्याच्या वजनकाट्याचं काम माझ्याकडे आलं होतं. पुस्तकात मी लिहिलं, ‘गाडीचं वजन टाका.’ भरलेल्या गाडीचं, रिकाम्या गाडीचं की नुसत्या उसाचं, हे लिहिलंच नाही, कारण महिनाभर त्या काट्यावर बसल्यामुळे माझ्या डोक्यात तो प्रश्न उरलाच नव्हता. हंगाम सुरू झाला त्या दिवशी सकाळपासून काट्यावरच्या मुलांचे फोन येत राहिले. प्रत्येकाला मी तोंडी सांगितलं आणि संध्याकाळी ते पान बदललं. माझ्या अपुऱ्या पुस्तकाला त्या मुलांच्या फोनचा आधार होता. माणूस अडला की विचारतो, शेजारच्याला हाक मारतो, थांबतो. एजंट कधीकधी उलट प्रश्न विचारतो, पण दोन अर्थांतला एक त्याला पुरेसा ठाम वाटला की तो कामाला लागतो. शिवाय काल सांगितलेलं आज त्याच्या लक्षात असेलच असं नाही. बहुतेक वेळा दर संभाषण हा त्याचा नोकरीचा पहिला दिवस असतो. तुझी वर्णनं त्या पहिल्या दिवशीच्या कारकुनासाठी आहेत: हुशार, वाचलेलं सगळं समजणारा, पण तुमच्या डेअरीत कधी पाऊल न ठेवलेला.

त्याला काय सांगावं लागेल? ‘सेव्ह_संकलन’चंच उदाहरण घेते. मी असं लिहीन:

‘सभासदानं एका वेळेला घातलेल्या दुधाची नवीन नोंद करते. आधीची नोंद बदलत नाही. त्याच सभासदाची, त्याच तारखेची, त्याच वेळेची नोंद आधी असली तरी दुसरी नोंद घालते आणि बिलात दोन्ही धरल्या जातात. सचिव “नीट कर”, “दुरुस्त कर”, “चुकलंय”, “कमी कर” असं म्हणाले तर हे साधन वापरू नये. आधी “शोध_संकलन”नं मूळ नोंद काढावी आणि मग “दुरुस्त_संकलन” वापरावं. उत्तर आलं नाही तर पुन्हा पाठवण्याआधी “शोध_संकलन”नं नोंद पडली का ते पाहावं.’

तुझ्या एका ओळीच्या जागी सहा वाक्यं झाली. पहिलं वाक्य साधन काय करतं ते सांगतं, आणि तेवढं तूही लिहिलं होतंस. बाकीची पाच म्हणजे तुमच्या ऑफिसात सगळ्यांना ठाऊक असलेली आणि म्हणूनच कुठेही न लिहिलेली माहिती आहे. त्यातही ‘कधी वापरू नये’ हे वाक्य सगळ्यात मोलाचं. एकमेकांसारखी दिसणारी दोन साधनं शेजारी असली की चूक त्यांच्या हद्दीवर होते, म्हणून ती हद्द दोन्हीकडच्या वर्णनांत आखायची. ‘अपडेट_एंट्री’चं नाव मी ‘दुरुस्त_संकलन’ करून टाकलंय, कारण ‘एंट्री’ म्हणजे संकलनाची, कपातीची की दराची, हे त्या नावावरून कळत नव्हतं. कोडमधली नावं तू इंग्रजी लिपीतच ठेव, पण त्यांचा अर्थ असा एकेरी असू दे.

आपल्याच साधनाचा दोष त्याच्याच वर्णनात लिहायला तुला संकोच वाटेल. नोंद दोनदा पडू शकते हे लिहायला मलाही वाटला असता. पण ही रीत जुनी आणि मानाची आहे. केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅब्स या अमेरिकी संशोधनसंस्थेत युनिक्स या संगणकप्रणालीची पहिली नियमपुस्तिका काढली, तिच्यावर 3 नोव्हेंबर 1971 ही तारीख आहे. प्रत्येक आज्ञेला एक नोंद: नाव, वापरायची पद्धत, वर्णन, संबंधित गोष्टी. आणि त्यातच एक मथळा ‘बग्ज’. ज्यांनी प्रोग्राम लिहिला त्यांनीच त्याच पानावर लिहून ठेवलं की इथे हा चुकतो. त्या पहिल्या आवृत्तीत आणखी एक मथळा होता, ‘ओनर’. हा प्रोग्राम कोणाचा, म्हणजेच अडल्यास कोणाला गाठायचं. त्या वेळी लिहिणारा आणि वाचणारा एकाच मजल्यावर बसत असत. तुझ्या वाचकाला तुला गाठता येत नाही, म्हणून ‘ओनर’ला विचारलं असतं तेही त्याला वर्णनातच मिळायला हवं.

यानंतर एककं. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण दुधाच्या धंद्यात एककं फार फसवतात. तू लिहितेस की तुमच्या बऱ्याच संस्थांत इलेक्ट्रॉनिक काटा किलोत मोजतो आणि बिल लिटरवर निघतं. एक लिटर दुधाचं वजन साधारण 1.03 किलो. म्हणजे 1000 किलो दूध हे 971 लिटरच्या आसपास. तुझ्या आराखड्यात खान्याचं नाव नुसतं ‘प्रमाण’ असं आहे. रोज हजार किलो गोळा करणाऱ्या संस्थेत एजंटनं किलोचा आकडा लिटर म्हणून घातला, तर दिवसाला एकोणतीस लिटर दूध हवेतून तयार होईल. नाव ‘प्रमाण_लिटर’ कर आणि खाली लिही: ‘काट्याचा आकडा किलोत असेल तर आधी लिटर करावेत.’ फॅट 4.2 असं द्यायचं की 42, हेही लिही. तुमच्या जुन्या आवृत्तीत फॅट दहापट करून पूर्णांकात साठवतात, हे तू सहज ओघात सांगून गेलीस. एजंटच्या दृष्टीनं तो खड्डा आहे. तिथे ‘चार दोन’ म्हणजे 4.2, हे उदाहरणासकट लिहायला हवं. डिग्रीवरून (लॅक्टोमीटर या दुधाची घनता मोजणाऱ्या नळीच्या आकड्यावरून) एसएनएफ, म्हणजे दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ, काढायच्या सूत्रातला शेवटचा स्थिरांक दूध संघागणिक बदलतो. तो आकडा एजंटनं स्वतःच्या सामान्य ज्ञानातून भरायचा नाही, संस्थेच्या सेटिंगमधून घ्यायचा, हेही स्पष्ट सांग. 3/4 म्हणजे आपल्याला 3 एप्रिल, अमेरिकेत 4 मार्च. तारीख 2025-04-03 अशीच हवी, हे आराखड्यातच बांधून टाक.

आणि ‘काल संध्याकाळ’! तुझ्या पत्रात एक वाक्य कंसात आहे, आणि मला ते सगळ्या पत्रातलं सर्वांत महत्त्वाचं वाटलं. संध्याकाळचं दूध दुसऱ्या सकाळच्या टँकरला जातं, म्हणून काही संस्थांत हिशेबाचा दिवस संध्याकाळी सुरू होतो. तिथल्या सचिवांचं ‘कालचं संध्याकाळचं दूध’ तुमच्या डेटाबेसमध्ये आजच्या तारखेवर असतं. जगातल्या कोणत्याही मॉडेलला हे आपलं आपण कळणार नाही. हे तुझ्या कोडमध्येही एका अटीच्या रूपात दडलेलं आहे, कारण न सांगता. ते कंसातून बाहेर काढ आणि तारीख मागणाऱ्या प्रत्येक साधनाच्या वर्णनात घाल.

एककांचा विषय निघालाच आहे, तर मंगळावर गेलेल्या यानाची गोष्ट सांगते. तू ती ऐकली असशील, पण तिचा अर्धा भाग सहसा कोणी सांगत नाही. नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर 23 सप्टेंबर 1999 रोजी मंगळाजवळ पोचलं आणि हरवलं. जमिनीवरचं एक सॉफ्टवेअर इंजिनांच्या धक्क्याचे आकडे पाउंड-सेकंदांत देत होतं आणि पुढचं सॉफ्टवेअर ते न्यूटन-सेकंद समजून घेत होतं. एवढं सगळे सांगतात. न सांगितला जाणारा भाग असा की आकडे न्यूटन-सेकंदांत द्यायचे हे त्या प्रकल्पाच्या कागदांत लिहिलेलं होतं. दस्तऐवज बरोबर होता. सॉफ्टवेअरनं तो पाळला नाही आणि मधल्या दारावर कोणी अडवलं नाही.

म्हणून साहेब ‘वर्णनं नीट लिही’ म्हणतात ते अर्धंच खरं आहे. मी वर लिहिलेलं सहा वाक्यांचं वर्णन मॉडेल बहुतेक वेळा पाळेल. बहुतेक वेळा, एवढंच. पैशाच्या नोंदीला ते पुरत नाही. प्रत्येक विनंतीसोबत एक वेगळा क्रमांक घ्या, आणि तोच क्रमांक दुसऱ्यांदा आला तर नवी नोंद न घालता पहिल्याच नोंदीचं उत्तर परत द्या. मग नेट कितीही वेळा तुटो. सभासद, तारीख आणि वेळ तिन्ही जुळणारी नोंद आधीच असेल, तर साधनानंच नकार द्यावा. बिल पक्कं करणं, फरक वाटणं, नोंद पुसणं ही कामं सचिवांनी स्क्रीनवर आकडे पाहून होकार दिल्याशिवाय होऊच नयेत. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलच्या मार्च 2025 च्या आवृत्तीत साधनाला खुणा लावायची सोय आली: हे फक्त वाचतं, हे काही नष्ट करू शकतं, हे दोनदा चालवलं तरी परिणाम एकदाच होतो. त्या जरूर लाव. पण त्या सूचना आहेत आणि त्यांवर आंधळा विश्वास ठेवू नये, असं तो प्रोटोकॉलच सांगतो. वर्णनात ‘अत्यंत महत्त्वाचे’, ‘कधीही करू नका’ असं ठळक लिहून तू कुलूप लावल्याचं समाधान मिळवशील, पण दार उघडंच राहील. कुलूप कोडमध्ये लाव. हे साहेबांना तसंच सांग, आणि त्यासाठी वेळ माग. त्या चुकीतला दोनदा नोंद पडू देण्याचा भाग तुझ्या एका ओळीमुळे झालेला नाही, तो सगळ्या टीमचा आहे.

आता भाषेचं. तू विचारतेस, मराठीत की इंग्रजीत. आजची मोठी मॉडेलं दोन्ही वाचतात. मॉडेल मजकुराचे तुकडे करून वाचतं, त्यांना टोकन म्हणतात. देवनागरी मजकुराचे तुकडे बहुतेक मॉडेलांत तेवढ्याच इंग्रजी मजकुरापेक्षा जास्त पडतात, म्हणजे मराठी वर्णन थोडं महाग पडतं. पण मला या प्रश्नापेक्षा दुसराच प्रश्न जवळचा वाटतो. सचिव बोलणार कोणत्या शब्दांत?

‘फरक’ हा शब्द घे. दिवाळीच्या आधी संघ वर्षभराच्या दुधावर सभासदांना जी जादा रक्कम देतो, तो फरक. त्यावर घरातला फराळ, मुलांचे कपडे, कधी म्हशीचा हप्ता अवलंबून असतो. सचिव म्हणाले, ‘112 चा फरक काढ,’ तर बाहेरच्या कोणालाही वाटेल की दोन आकड्यांची वजाबाकी सांगितली आहे. एजंट कदाचित गेल्या बिलातून हे बिल वजा करून दाखवेल, आणि उत्तर नीट मांडलेलं, नम्र आणि पूर्ण चुकीचं असेल. ‘उचल’ म्हणजे बिलाआधी घेतलेले पैसे. ‘वासाचं दूध’ ही तक्रार नसून वेगळ्या दराची वेगळी नोंद आहे. ‘डिग्री’ म्हणजे तापमान नव्हे, लॅक्टोमीटरचा आकडा. ‘खाद्य लाव’ म्हणजे पशुखाद्याची रक्कम कपातीत धर. हे शब्द तुला कोणत्याही शब्दकोशात या अर्थानं एकत्र मिळणार नाहीत. तुझ्या कोडमध्ये त्यांच्या जागी ‘बोनस’, ‘ॲडव्हान्स’, ‘डिडक्शन’ असे शब्द आहेत, आणि सचिवांनी उच्चारलेला शब्द त्यांच्याशी जुळवणारं काहीच मध्ये नाही. ते जुळवणं हे तुझ्या वर्णनाचं काम आहे.

तेव्हा ज्या भाषेत तुला सर्वांत नेमकं लिहिता येतं त्या भाषेत लिही. दुधाचा विचार तू मराठीत करतेस, म्हणून पहिला मसुदा मराठीत कर. नंतर इंग्रजीत नेलास तरी चालेल. पण ‘फरक’, ‘उचल’, ‘वासाचं’ हे शब्द जसे बोलले जातात तसे, देवनागरीतच, त्या त्या साधनाच्या वर्णनात राहू देत. करवीरमध्ये एक शब्द आणि शिरोळमध्ये दुसरा असेल, तर दोन्ही घाल. माझ्या मते आपल्या भाषेत एजंट कामाला लावायचे असतील, तर त्यातलं हे सर्वांत मोठं आणि सर्वांत दुर्लक्षित काम आहे. ते मोठ्या शहरातल्या कोणाला करता येणार नाही. तुला येईल, कारण तू तिथे आहेस.

चूक झाल्यावर साधन काय परत पाठवतं, तेही वर्णनच आहे हे विसरू नकोस. सुरुवातीचं वर्णन मॉडेल इतर सदतीस वर्णनांच्या गर्दीत वाचतं. चुकीचा संदेश मात्र ते अडलेलं असताना, नेमक्या त्या क्षणी वाचतं. तुमचं साधन सध्या ‘अवैध माहिती’ एवढंच म्हणतं. त्यावर एजंट अंदाजानं काहीतरी बदलून पुन्हा पाठवणारच. त्याऐवजी: ‘फॅट 42 स्वीकारता येत नाही, दशांशात द्यावी, उदा. 4.2.’ किंवा: ‘या तारखेला 112 ची संध्याकाळची नोंद आधीच आहे, 6.5 लिटर. बदलायची असेल तर दुरुस्त_संकलन वापरावं. सचिवांचा उद्देश स्पष्ट नसेल तर त्यांना विचारावं.’ त्या वेळी हा एक संदेश असता, तर बाकी सगळं चुकूनही 112 चं खातं शाबूत राहिलं असतं.

किती लिहावं? सगळ्या साधनांची वर्णनं सहसा दर संभाषणात मॉडेलपुढे ठेवली जातात, म्हणून प्रत्येक वाक्याला किंमत आहे. ‘हे अत्याधुनिक साधन सचिवांना सुलभतेने’ वगैरे एक शब्दही नको. पण कमी करायचंच असेल, तर वाक्यांआधी साधनं कमी कर. 38 मधली ‘सभासद_नावानं_शोध’, ‘सभासद_क्रमांकानं_शोध’, ‘सभासद_मोबाइलनं_शोध’ ही तिन्ही एकात घाल. आणि साधनांनी परत काय पाठवायचं तेही आवर. 400 सभासद, दोन वेळा, दहा दिवस म्हणजे 8000 ओळी. ‘या बिलाचं एकूण दूध किती?’ या प्रश्नाला त्या सगळ्या मॉडेलपुढे ओतल्या, तर ते बेरीज चुकवेल. बेरीज डेटाबेसनं करावी, आणि ओळी मागितल्या तरच द्याव्यात.

दोन्ही सहकाऱ्यांना मी चूक म्हणणार नाही. पुढचं मॉडेल अधिक हुशार असेलच. पण हिशेबाचा दिवस संध्याकाळी सुरू होतो हे हुशारीनं कळत नाही, ते कोणीतरी सांगावं लागतं. आणि कोड एआयला दिलास तर ते सुबक मसुदा देईल, तू तो जरूर घे, वेळ वाचेल. कोड काय करतो ते त्यात असेल. सचिव काय म्हणतात, कुठे गोंधळतात, कोणती चूक कोणाच्या घरापर्यंत पोचते, ते कोडमध्ये नाही, म्हणून मसुद्यातही नसेल. ती भर तुझी.

कामाला असं लाग. येत्या आठवड्यात एके दिवशी सकाळी सहाला एखाद्या केंद्रावर जा आणि सचिवांच्या शेजारी बस. सॉफ्टवेअरबद्दल काही विचारू नकोस, नुसतं ऐक. रांगेतल्या बायका काय म्हणतात, सचिव काय उत्तर देतात, वहीच्या समासात काय लिहितात, ते त्यांच्याच शब्दांत उतरवून घे. समासाकडे विशेष लक्ष दे. सॉफ्टवेअरमध्ये जागा नसलेल्या गोष्टी लोक समासात लिहितात. तिथून वीस खऱ्या विनंत्या घेऊन ये. त्या चाचणीच्या डेटावर एजंटला सांग आणि उत्तराआधी हे पाहा की त्यानं कोणतं साधन उचललं आणि कोणत्या खान्यात काय भरलं. बरोबर उत्तर चुकीच्या वाटेनंही येतं, आणि ती वाट दुसऱ्या दिवशी दगा देते. जिथे चुकलं तिथे आधी वर्णनाकडे बोट दाखव. वर्णन बदल आणि वीसच्या वीस विनंत्या पुन्हा चालव, कारण एका साधनाचं वर्णन सुधारलं की शेजारचं साधन अचानक मागे पडल्याचं मी पाहिलं आहे.

मसुदा झाला की तो अशा कोणाला तरी वाचायला दे ज्यानं तुमचा कोड पाहिलेला नाही. घरी कोणी असेल तर उत्तम. त्यांना विचार, ‘सचिव म्हणाले, काल चुकून 113 चं दूध 112 वर लागलं, तर तू यातलं काय वापरशील?’ ते अडखळले की तिथे एक वाक्य कमी आहे असं समज. हा प्रश्न मी मुद्दाम दिलाय. यात दोन खाती आहेत, दोन दुरुस्त्या आहेत, आणि तू पाठवलेल्या यादीत यासाठी एकही साधन मला सापडलं नाही. सचिव हे आज कसं करतात ते त्यांनाच विचार.

आणि 112 नंबरच्या खात्यावर त्या रात्री जी दुरुस्ती झाली, ती कोणी, केव्हा आणि का केली याची नोंद राहिली आहे का, तेवढं सोमवारी बघ. राहिली नसेल तर ‘दुरुस्त_संकलन’मध्ये ‘कारण’ हा खाना सक्तीचा कर आणि त्याच्या वर्णनात लिही: ‘सचिवांनी सांगितलेलं कारण, त्यांच्याच शब्दांत.’

वीस विनंत्या जमल्या की मला पाठव. मी तुझ्याबरोबर बसून वाचेन.

– तुझी ताई